अपघात म्हणून मिटणारी प्रकरणे

श्रीमंत वस्ती, बंद फाटके आणि आत दडलेली गुपिते, एवढ्या सामग्रीवर रहस्यकथा आजही रात्र जागवते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून मराठी वाचकाला ही चटक लावली. अशा कथांत खून बहुधा सुरुवातीलाच कळतो, शोध असतो तो खुन्याचा. नागपुरात २०२४ मध्ये जे घडले, त्यात खून झाल्याची शंकाच आधी आली नव्हती.

२२ मे रोजी अजनी पोलिसांच्या हद्दीत एका मोटारीने ८२ वर्षांच्या वृद्धाला उडवले. त्यांची पत्नी तेव्हा रुग्णालयात होती. दप्तरी अपघाताची नोंद झाली, चालकाला जामीनही मिळाला. पुढे संशयावरून तपास झाला आणि जूनमध्ये पोलिसांनी सुनेलाच अटक केली. ती नगररचना विभागातली अधिकारी. सुमारे ३०० कोटींच्या मालमत्तेसाठी तिने सासऱ्याची सुपारी दिली आणि धडक देण्यासाठी जुनी मोटार घेतली गेली, असा पोलिसांचा आरोप आहे. दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल.

पण मोटारच का?

कारण त्या वेळच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली निष्काळजीपणाने झालेला मृत्यू जामीनपात्र होता आणि शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांवर नेली. तरीही शिक्षा वाढवून हा प्रश्न सुटत नाही. खुनाची शंका पंचनाम्याच्या वेळीच यायला हवी. गाडी कोणाच्या नावावर आहे, कधी घेतली, रस्त्यावर ब्रेकच्या खुणा आहेत का, मृताच्या मालमत्तेवरून घरात वाद होता का? शेवटचा प्रश्न मोटार अपघातात सहसा कोणी विचारत नाही. घरचे दुःखात आहेत, असे म्हणून तो टाळला जातो. ही माणुसकी मृतावर अन्याय करते.

बेसा-मानेवाड्याकडे नागपूर पसरले, तशा घरोघरच्या जमिनी कोटींत गेल्या, पण वाटणीचे बोलणे अजून अशुभ मानले जाते. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी करता येते. नोंदणीची सक्ती नाही. सांभाळण्याच्या अटीवर मुलांना दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली परत मागता येते. घरातल्या ज्येष्ठांनी हे दोन्ही हक्क माहीत करून घ्यावेत. आणि अनोळखी मोटारीने वृद्धाचा जीव घेतला, तर पोलिसांनी गाडीइतकीच सातबाऱ्याचीही चौकशी करावी.