वास न येणारी नशा

‘आमच्या घरात शराब कधी आली नाही,’ हे भिवंडीतल्या किती अम्मींच्या तोंडून आम्ही ऐकले असेल! खरेच असते ते. पण मुलाच्या गादीखाली खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या निघतात आणि खोकला तर घरात कुणालाच नसतो. त्यातले कोडीन अफूच्याच कुळातले. तोंडाला वास येत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही. कळले की आधी मार, मग घाईघाईने निकाह. (निकाहाने पोरगा सुधारेल, हा हिशेब आम्हाला कधीच उमगला नाही. त्यात परक्याची लेक मात्र नाहक भरडली जाते.)

गोव्यातील ‘संगाथ’ ही संशोधन संस्था 1996 पासून मानसिक आरोग्यावर काम करते. तिने दहा आरोग्य केंद्रांत दारूच्या आहारी गेलेल्या सुमारे पावणेचारशे पुरुषांची पाहणी केली. त्यांपैकी निम्म्यांशी बोलणारे डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. बैठका फार तर चार. तीन महिन्यांनी त्यांच्यातले शंभरात 36 जण धोक्याबाहेर आले. नेहमीच्या उपचारावरचे 26. अशी माणसे आपल्या मोहल्ल्यात नाहीत काय?

कोडीन सोडताना अंग मोडून येते, झोप उडते. तिथे डॉक्टरच हवा, कोंडून ठेवणे नव्हे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ 1986 पासून हेच काम करते. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, मन खचले असेल तर टेलि-मानस 14416. फोन मुलानेच करावा असे नाही, अम्मीनेही केला तरी चालतो.