वशिल्याची एकपदरी केबल

तारायंत्र : दर रविवारी

हिंगोलीहून संध्याकाळी पुण्याकडे निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये डिप्लोमा नाहीतर बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेला एखादा पोरगा हमखास सापडतो. सॅकमध्ये मार्कमेमोच्या झेरॉक्स, मोबाईलमध्ये नेटवर्किंगच्या क्लासचं सर्टिफिकेट आणि डोक्यात एकच पत्ता. वाकडला राहणारा मामा किंवा गावचाच कुणी दादा, 'ये तू, बघू काहीतरी' म्हणालेला. मामा खरोखर बघतो, त्याच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्याच्या ओळखीत एकच सुपरवायझर असतो. त्याच्याकडे जागा निघाली तर पोरगं चिकटतं. नाही निघाली तर कॉट बेसिसवर काही महिने काढून सोयाबीनच्या काढणीला गावी हजर. राउटर कसा जोडायचा हे शिकलेल्या पोराचं स्वतःचं जोडणं मात्र एका माणसावर लटकलेलं.

याच दुखण्यावर सरकारने फार महागात शहाणपण घेतलं आहे. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. केबल तालुक्यातून निघायची आणि सरळ पुढे जायची. रस्त्याकडेला जेसीबीने चारी मारली, पाइपलाइनसाठी कुणी खोदलं, की तुटलेल्या जागेच्या पलीकडे सगळा अंधार. सेवा केंद्रावर पीकविमा भरायला आलेल्या म्हाताऱ्याला 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' एवढंच कळायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात मुख्य बदल एकच लक्षात ठेवण्यासारखा आहे : तालुका आणि ग्रामपंचायती रिंगमध्ये जोडायच्या. रिंग एका ठिकाणी तुटली तरी डेटा उलट्या अंगाने फिरून मुक्कामी पोचतो.

माझं म्हणणं एवढंच, की पोरांच्या ओळखींनाही ही रिंग लागते आणि ती घालायची सोय हिंगोलीत बसून आहे. जगभरचे नेटवर्कवाले, लिनक्सवाले वर्षानुवर्षं एकमेकांना उघड्यावर प्रश्न विचारतात, उघड्यावर उत्तरं देतात. हा धंदाच मुळात तसा उभा राहिला. इंटरनेटच्या नियमांच्या मालिकेतला पहिला कागद, आरएफसी १, एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने लिहिला. तो तेव्हा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत होता. आजही हे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफला सदस्यत्व नाही, फॉर्म नाही, शिफारसपत्र नाही. चर्चेच्या मेलिंग लिस्टवर नाव घाला आणि बोला. तुमचं गाव कुठलं, आडनाव काय, मामा कोण, हे तिथे विचारत नाहीत. भेदाभेद तिथेही आहेच, मी भाबडा नाही. पण आपल्याकडच्या मानाने प्रवेश स्वस्त.

मग आपली पोरं तिथे जाऊन करतात काय? एक तर 'सर, एनी जॉब प्लीज रेफर' असा मेसेज शंभर अनोळखी लोकांना पाठवतात. लिंक्डइनवरच्या मराठी इंजिनियरांना विचारा, त्यांची इनबॉक्सं याने भरलेली आहेत. नाहीतर असा प्रश्न टाकतात : 'इंटरनेट चालत नाही, अर्जंट हेल्प.' त्याला उत्तर येत नाही, आणि पोरगा म्हणतो, तिथले लोक गर्विष्ठ आहेत.

तोच प्रश्न जरा नीट लिहून पाहू. लॅबमधला एकच पीसी इंटरनेटला लागत नाही, शेजारचे लागतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' मारलं, तर पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो. केबल बदलली, तरी तेच. स्विचचं पोर्ट बदललं, तरी तेच. शेजारच्या पीसीचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो. एवढं लिहिलं की ब्राझीलमध्ये बसलेल्या माणसालाही दुखणं कळतं. या मशीनला पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता लावून घेतला आहे. आता तो माणूस पुढचं विचारतो : कार्डचा ड्रायव्हर पाहिलास का, फायरवॉल बंद करून पाहिलीस का? चार उलटसुलट जबाबांत काम होतं. आणि वाचणाऱ्या दहाजणांना कळतं, की हा पोरगा आधी हातपाय हलवतो आणि मग विचारतो. मुलाखतीत अर्ध्या तासात जे दाखवायची धडपड चालते, ते इथे फुकटात दिसलेलं असतं. आठवड्याभराने त्याने दुसऱ्याच्या अशाच प्रश्नाला उत्तर दिलं, तर ती त्याची खरी मार्कमेमो.

इंग्रजीची भीती मला मान्य आहे, पण ती फार फुगवलेली आहे. लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सची मातृभाषा स्वीडिश. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीत शिकत असताना त्याने आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल लोकांची मतं मागवली, तीही परक्या भाषेतच. या मेलिंग लिस्टांवरच्या असंख्य लोकांचं इंग्रजी आपल्यासारखंच तोडकंमोडकं असतं. कमांडचं आउटपुट जसंच्या तसं चिकटवलं की निम्मी भाषा त्यातच भागते.

दुसरी गोष्ट अलीकडची. हल्ली पोरं प्रश्न थेट चॅटबॉटला विचारतात. उत्तर लगेच येतं, कुणी हसत नाही, कुणी झापत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या २०२२ नंतर झपाट्याने घसरली, ती उगीच नाही. चॅटबॉट जरूर वापरा. पण तुम्ही किती चिवटपणे शोधता हे त्या बंद खोलीत कुणाला दिसत नाही. पुण्यात-बंगळुरात ओळख असलेल्याचं त्यावाचून अडत नाही, सेनगावच्या पोराचं अडतं. पोरीचं तर जास्तच, कारण तिला 'बघू काहीतरी' म्हणणारा मामाही सहसा भावालाच बोलावतो.

हे सगळं हिंगोलीत लिहिण्यामागे एक कारण आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लाटा टिपणारी प्रयोगशाळा येते आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले, ११ मे २०२३ ला भूमिपूजन झालं. गावात गप्पा चालतात त्या प्लॉटच्या भावाच्या आणि वॉचमनच्या जागा किती निघतील याच्या. लायगो हे मुळात जाळं आहे. एकटी प्रयोगशाळा लाट कुठून आली हे नीट सांगू शकत नाही. लांबलांबच्या केंद्रांवर ती किती फरकाने पोचली यावरून दिशा काढतात. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लाट पहिल्यांदा सापडली, तेव्हा अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या केंद्रांवरच्या नोंदींत साधारण सात मिलिसेकंदांचं अंतर होतं. ती नोंद पहिल्यांदा पाहिली मार्को ड्रागो या तरुण संशोधकाने, जर्मनीतल्या हॅनोव्हरला बसून. दोन्ही केंद्रांपासून महासागरापलीकडे. चाचणीसाठी कुणी मुद्दाम खोटा सिग्नल सोडला आहे का, असं विचारणारी मेल त्याने अख्ख्या गटाला टाकली. पुढच्या फेब्रुवारीत निघालेल्या निबंधावर हजाराच्या वर नावं होती.

त्या दिवसाचा डेटा आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतो, पायथॉनमध्ये तो कसा वाचायचा याच्या पाठांसकट. एप्रिल २०१९ पासून नव्या सिग्नलच्या सूचनाही जगजाहीर केल्या जातात. दुधाळ्याचं फाटक उघडायला अजून वर्षं आहेत, या कामाला गेटपास लागत नाही.

तेव्हा जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निकच्या आणि बी.एस्सी.च्या मास्तरांना एक सुचवतो. प्रॅक्टिकलचं जर्नल पोरं गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि सही करताना तुम्ही पानं उलटत नाही हे त्यांनाही. यंदा शेवटची दोन प्रॅक्टिकल्स उतरवायची नाहीत, असं सांगा. त्याऐवजी प्रत्येकाने जाहीर ठिकाणी एक नीट विचारलेला प्रश्न आणि दुसऱ्याला दिलेलं एक उत्तर, अशा दोन लिंका जमा करायच्या. एक्स्टर्नलला त्या मोबाईलवर उघडून बघायला जर्नलवर शिक्का मारण्यापेक्षा जास्त वेळ लागणार नाही. हरकत घेतलीच कुणी, तर सिलॅबसमध्ये असाइनमेंट नावाचा रकाना असतो, त्यात बसवा.

– वायरमन