प्रार्थनेआधीचे एक मिनिट



आपल्या रुग्णभेट गटाविषयी आज जरा स्पष्ट लिहिते आहे. कुणाला टोचले, तर ते आधी मला टोचले आहे असे समजा.

नांदेड-लातूरकडची माणसे मोठ्या उपचारांसाठी अजूनही हैदराबाद गाठतात. वॉर्डात तेलुगू आणि उर्दू, त्यांना येते ती मराठी, म्हणून आपल्याला बोलावणे येते. अशाच एका आजोबांना भेटायला मी मागच्या वर्षी शहरातल्या एका रुग्णालयात गेले होते. ते म्हणाले, ‘‘बाई, जीव घाबरतोय.’’ ड्युटीवरच्या सिस्टरने विचारले, काय म्हणतात? मी सांगून टाकले, ‘‘डर रहे हैं.’’ मग त्यांचा हात धरला, डोळे मिटले आणि लांबलचक प्रार्थना केली. खाटेभोवती आपलेच पाच जण उभे होते. त्या रात्री आजोबांना आयसीयूत हलवले आणि चौथ्या दिवशी ते देवाघरी गेले.

जीव घाबरणे म्हणजे नुसती भीती नव्हे, हे मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईला कळू नये! माझी आजी दम कोंडला की हेच म्हणायची. मी डोळे उघडे ठेवले असते, तर त्यांची छाती भराभर वरखाली होताना दिसली असती. माझ्या एका शब्दाने ते वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनाही सांगता आले नाही.

खाटेपाशी लावलेला तक्ता मी नंतर आठवून पाहिला. ताप, नाडी, रक्तदाब यांचे आकडे दर वेळी वेगळे होते. श्वासाच्या रकान्यात मात्र सगळीकडे १८. माणसाचा श्वास असा दिवसभर एकाच आकड्यावर राहत नाही. त्या सिस्टरला मी दोष देत नाही, तिच्याकडे चाळीसएक खाटा होत्या. ताप थर्मामीटर सांगतो, रक्तदाब यंत्र सांगते. श्वास मोजायला मात्र पूर्ण एक मिनिट रुग्णाजवळ थांबावे लागते आणि तेच मिनिट तिच्याजवळ नसते. असलेच तर आपण तेव्हा तिला विचारत असतो, ‘‘सिस्टर, डॉक्टर कधी येणार?’’

ही गोष्ट अफझलगंजच्या माणसांनी तरी विसरू नये. आजचे उस्मानिया रुग्णालय उभे राहण्याआधी इथे अफझलगंज रुग्णालय होते. १९०८ च्या मुसीच्या पुरात ते उद्ध्वस्त झाले. त्याच आवारातल्या चिंचेच्या झाडाने तेव्हा दीडशेच्या आसपास माणसे वाचवली, ही कथा इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या वीस वर्षे आधी इथे डॉ. एडवर्ड लॉरी होते. भूल देताना नाडीकडे नव्हे, श्वासाकडे पाहा, हा त्यांचा हट्ट. निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्म कमिशन बसले, लंडनच्या ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांना इथवर धाडले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ मानल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दूनजी याच शहरात शिकल्या आणि इथेच क्लोरोफॉर्म देत होत्या. लॉरींचे सगळेच बरोबर निघाले नाही. क्लोरोफॉर्मने हृदयही अचानक थांबू शकते, हे लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवले. म्हणजे नाडीही पाहायलाच हवी. पण श्वासावरून नजर काढू नका, हे लॉरींचे सांगणे खोटे ठरले नाही.

स्वस्थ पडलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. इंग्लंडमध्ये रुग्णाची प्रकृती ढासळते आहे का हे ओळखण्याचा जो तक्ता वापरतात, त्यात २५ किंवा त्याहून जास्त आणि ८ किंवा त्याहून कमी श्वासांना सर्वांत जास्त धोक्याचे गुण आहेत. बोटाला लावलेल्या यंत्राचा आकडा पाहून आपण निश्चिंत होतो, पण ते यंत्र ऑक्सिजन दाखवते. ऑक्सिजन चालू असेल तर तो आकडा चांगला दिसत राहतो आणि माणूस आतून दमत असतो.

गटात हे बोलले तर एक काका म्हणाले, ‘‘मोजणे नर्सचे काम, आपले काम प्रार्थना.’’ मला हे पटत नाही. मातीच्या माणसाच्या नाकात देवाने स्वतः श्वास फुंकला, असे आपण मुलांना शिकवतो. मग तोच श्वास पाहणे प्रार्थनेच्या बाहेरचे कसे? रुग्णांचे आणि परिचारिकांचे आश्रयदाते संत कमिलस यांनी तर आपल्या बंधूंना सांगून ठेवले होते की, शेवटचा श्वास गेला असे वाटले तरी पंधरा मिनिटे थांबा. जिवंत माणसे पुरली जात असल्याचे त्यांच्या कानावर आले होते. डोळे मिटून सेवा करणारा हा संत नव्हता.

तेव्हा माझे म्हणणे असे. खाटेपाशी दोघांपेक्षा जास्त जण नकोत. गेल्यावर आधी एक मिनिट गप्प बसायचे आणि छाती किती वेळा वर येते ते मोजायचे. रुग्णाला सांगून मोजू नका, सांगितले की श्वास बदलतो. सिस्टर मोजत असेल तर तिच्याशी बोलू नका, जपमाळही थांबवा. आकडा जास्त वाटला, रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, किंवा तो जीव घाबरतोय म्हणाला, तर प्रार्थना नंतर. आधी सिस्टरकडे जा आणि स्वच्छ सांगा, तेलुगूत ‘आयासम’, उर्दूत ‘सांस फूल रही है’. त्यावर आपले भाष्य जोडू नका. मी जोडले होते.

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर मागच्या बाकांवर बसून आपण एकमेकांचे श्वास मोजून पाहू. सेकंदकाटा असलेले घड्याळ कुणाकडे असेल तर घेऊन यावे, माझे बंद पडले आहे.