रंगीत चित्र पुरे नाही, छेद दाखवा

गंगापूर रोडने नाशिक शहराबाहेर पडत राहिलं की गोदावरीवरचं गंगापूर धरण येतं. मातीचं, साडेतीन किलोमीटरहून लांब. पाहणाऱ्याला पाणी दिसतं, भराव दिसतो. धरणाच्या अभियंत्याला हवी असते ती गोष्ट मात्र बाहेरून दिसतच नाही: पाणी भरावाच्या आतून कोणत्या रेषेने झिरपतं? ही रेषा बांधाच्या उभ्या छेदातच काढता येते. ती खालच्या उतारावर उघडी पडली, तर पाण्याबरोबर माती निसटू लागते.

छेद वाचणं ही नाशिकची जुनी विद्या आहे. मेरी ही अभियांत्रिकी संशोधन संस्था इथेच आहे आणि राज्यातल्या धरणांची संकल्पचित्रंही याच शहरात तयार होतात. गंगापूर रोडवर अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पलीकडे सातपूरचे कारखाने. तिथल्या संगणकांवर आता सिम्युलेशन चालतं आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर लाल-निळ्या रंगांचा सुटा भाग झळकतो. ते चित्र पृष्ठभागाचं असतं.

वाकणाऱ्या दांड्याला तेवढं चालतं, कारण तिथे सर्वाधिक ताण कडेलाच असतो. बेअरिंगला चालत नाही. रोलर बेअरिंगच्या कड्यावर दाबला जातो तेव्हा कातरणारा ताण पृष्ठभागाखाली किंचित खोलवर सर्वाधिक असतो. भेग तिथे जन्मते आणि मग वर येऊन धातूचा टवका उडवते. बाहेरून पाहणाऱ्याला नेमकी हीच जागा दिसत नाही.

कोयनेचं उदाहरण तर प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवायला हवं. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे भूकंप झाला आणि 103 मीटर उंचीच्या या धरणाला भेगा पडल्या. त्या पायथ्याशी नव्हत्या. मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीच्या आसपास होत्या. जुन्या पद्धतीच्या हिशेबात धरणात कुठेच ओढणारा ताण येत नव्हता. अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी बर्कलेत धरणाचा छेद संगणकावर मांडला, त्याला भूकंपाचे खरे हादरे दिले. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ताण काँक्रीटच्या ताकदीपलीकडे गेला तो उतार बदलतो त्याच पट्ट्यात. आज अबॅकससारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नमुना उदाहरणांत कोयनेचा हाच छेद आहे. आपल्या मुलांनी तो परक्या पुस्तकातून ओळखावा, हे खटकतं.

छेदही फसवतो, हे सांगायलाच हवं. मेश, म्हणजे मॉडेल ज्या छोट्या घटकांत विभागतात ते जाळं, जाड असलं तरी सॉफ्टवेअर शेजारच्या घटकांचे आकडे सरासरीत घालून रंग गुळगुळीत करतं. दोन वेगळे धातू जिथे भिडतात, तिथे तर ही सरासरी ताणाची खरी उडीच पुसून टाकते. म्हणून सरासरी न काढलेले आकडे आणि मेशच्या रेषा छेदावर दिसायला हव्यात.

याची सुरुवात परीक्षकांना उद्याच करता येईल. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत फिरतं रंगीत मॉडेल बाजूला ठेवायला सांगावं आणि विद्यार्थ्याकडून दोन छेद मागावेत: एक सर्वाधिक ताणाच्या जागेतून, दुसरा त्याला स्वतःला जिथे धोका वाटतो तिथून. हीच जागा का निवडली, याच्या उत्तराला आकृतीपेक्षा जास्त गुण द्यावेत. कारखान्यांनीही पुरवठादाराच्या अहवालात हे दोन छेद सक्तीचे करावेत.