नोकरी लागल्यानंतरची सोबत

विशेष शाळेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या बौद्धिक दिव्यांग मुलामुलींपुढे घर सोडले तर बहुधा एकच वाट उरते, ती कार्यशाळेची. पणत्या रंगवायच्या, राख्या करायच्या, कागदी पिशव्या चिकटवायच्या. हात तयार झाला की नोकरीचे बघू, असा तिचा हिशेब. ही तयारी वर्षानुवर्षे संपत नाही. याचा दोष मुलांकडे किंवा शिक्षकांकडे जात नाही. एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी वापरणे हेच तर या मुलांना सर्वांत अवघड जाते. कार्यशाळेत बिनचूक पाकिटे भरणारा तरुण गोदामात गेला की आवाज, माणसे, वेळा सगळे बदलते आणि शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून आधी खऱ्या पगाराचे खरे काम आणि शिकवणे त्याच जागी, असा क्रम हवा. जॉब कोच सोबत असतो. तो कामाचे छोटे टप्पे पाडतो, चित्रांची यादी लावतो, मुकादमाशी आणि सहकाऱ्यांशी बोलतो आणि जमू लागले की हळूहळू मागे सरतो.

अमेरिकेने १९८६ मध्येच या पद्धतीला कायद्यात जागा दिली. पुढे तीव्र मानसिक आजार असलेल्यांसाठी तिच्याच धर्तीवर आखलेली पद्धत अनेक देशांत शास्त्रीय चाचण्यांतून तपासली गेली आणि आधी प्रशिक्षण, मग नोकरी या वाटेपेक्षा तिच्यातून जास्त लोक खुल्या बाजारातल्या नोकरीत गेले. हा पुरावा बौद्धिक दिव्यांगांना जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. पण शिकलेले दुसरीकडे नेण्याची अडचण त्यांच्या बाबतीत अधिकच मोठी आहे, त्यामुळे प्रत्यक्ष जागी शिकवण्याची गरजही मोठी.

आपल्याकडे कायदा आहे. १९९५ च्या कायद्यात नोकरीतले आरक्षण या मुलांपर्यंत पोहोचलेच नव्हते. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्क्यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, मानसिक आजार अशा गटांना मिळून दिला. दिव्यांगांना घेणाऱ्या खासगी मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा केंद्राने भरावा, अशी योजनाही २००८ मध्ये आली. मालकाला सवलत मिळाली, पण कामगाराशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद त्यात नव्हती. राज्याने २०२४ मध्ये आणलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत विद्यावेतन आहे, प्रत्यक्ष आस्थापनेत शिकणेही आहे. मात्र किमान बारावीची अट असल्याने ही मुले दारातच अडतात.

एकेका मुलामागे एक माणूस परवडेल का, हा प्रश्न रास्त आहे. पण कोचची सोबत कमी होत जाते. घरी बसलेल्या तरुणाला लागणारी सोबत कमी होत नाही आणि त्यासाठी बहुतेक वेळा आईच स्वतःची नोकरी सोडते. तो खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच. पदवीधर बेकार असताना यांना का, असेही विचारले जाते. त्या बेकारीवर उपाय हवाच, पण या मुलांना दाराबाहेर ठेवून एकाही पदवीधराला नोकरी मिळत नाही. पालकांची भीती मात्र मला सर्वांत खरी वाटते: कमी पैशांत राबवून घेतील, कोणी छळेल. यासाठी किमान वेतनाची अट हवी आणि तक्रार ऐकायला ठरलेल्या दिवशी कामावर येणारा कोचही हवा.

राज्याने या मुलांसाठी बारावीची अट काढावी, विशेष शाळांमार्फत कोचचे मानधन द्यावे आणि योजनेचे यश किती जणांना प्रशिक्षण दिले यावर न मोजता वर्षानंतर किती जण पगारावर आहेत यावर मोजावे.