लिलावातील मूर्ती आणि छायाचित्राचा पुरावा

कुंभकोणम : जुन्या मोटारीवर लिलावात बोली लावण्याआधी चासी व इंजिनाचे क्रमांक पाहिले जातात, पूर्वीच्या मालकांची नोंद तपासली जाते. मंदिरातील कांस्यमूर्तीवर असा क्रमांक नसतो. कुंभकोणमजवळील सौंदरराज पेरुमाळ मंदिरातील तिरुमंगई आळवारांच्या सोळाव्या शतकातील मूर्तीच्या प्रकरणात हाच फरक कळीचा ठरला.

ऑक्सफर्डच्या अश्मोलियन संग्रहालयाने ही मूर्ती १९६७ मध्ये सोदबीजच्या लिलावात विकत घेतली. खरेदी उघड होती. मूर्ती मंदिराबाहेर कशी गेली, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. २०१९ मध्ये एका संशोधकाने पुद्दुचेरीतील फ्रेंच संस्थेच्या संग्रहातील १९५७ च्या छायाचित्राकडे लक्ष वेधले. त्यात हीच मूर्ती मंदिरात दिसत होती. भारताने २०२० मध्ये ती परत मागितली आणि २०२४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या परिषदेने या मागणीस पाठिंबा दिला.

कायद्याची उणीव नव्हती. पुरावशेषांच्या निर्यातीस १९४७ च्या कायद्यानुसार परवाना आवश्यक होता. १९७२ च्या कायद्याने खासगी निर्यात बंदच केली. शिक्षाही होतात : कुंभकोणमच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मूर्तितस्करीच्या खटल्यात कलाविक्रेता सुभाष कपूर याला दहा वर्षांचा कारावास सुनावला. तथापि, परदेशात विकली गेलेली मूर्ती परत मिळविताना मूळ स्थानाचा पुरावाच निर्णायक ठरतो. येथे तो लिलावाच्या दहा वर्षे आधी टिपलेल्या छायाचित्राने दिला. जेथे अशी नोंद नाही, तेथे दावा उभा करणेच कठीण. त्यामुळे मंदिरांतील मूर्तींची सचित्र सूची करणे हे चोरीनंतरच्या तपासाइतकेच तातडीचे आहे.