शिपायाचा कागद आणि लाल शाई

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन साजरा होतो. १९४९ सालापासून चालत आलेला हा परिपाठ स्तुत्यच आहे. शाळेतील मुले छातीवर चिमुकले निशाण लावून हिंडतात, कचेऱ्यांतून निधी गोळा होतो, अधिकाऱ्यांची भाषणे होतात. आणि दुसऱ्या दिवशी माजी सैनिक आपल्या कागदांची पिशवी काखोटीस मारून पुन्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर येऊन बसतो. त्या पिशवीत एक लहानसे पुस्तक असते. पलटणीतून बाहेर पडताना त्याच्या हाती दिलेले ‘डिस्चार्ज बुक’ ते हेच. त्याने किती वर्षे चाकरी केली, कोणती पदके मिळविली, त्याचे वर्तन कसे होते आणि तो सेनेतून का कमी झाला, हे सारे त्यात कोणा कारकुनाच्या हातचे लिहिलेले असते. यातील एखादी ओळ चुकली असेल, अथवा न्यायाने लिहिली गेली नसेल, तर ती बदलून मागण्याचा हक्क या शिपायास आहे काय, आणि असल्यास तो त्यास प्रत्यक्षात बजावता येतो काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

साध्या चुका प्रथम घेऊ. महाराष्ट्रातील जुन्या शाळांची दप्तरे ज्यांनी चाळली आहेत त्यांना ठाऊक असेल की, त्या दप्तरांवर विश्वास ठेवावा तर निम्मा महाराष्ट्र १ जून रोजी जन्मास आला असे म्हणावे लागेल! मुलगा पहिलीत दाखल करण्यासाठी काहीतरी तारीख हवी, बापास ती आठवत नाही, मग मास्तरांनी सोयीची तारीख घातली. तीच तारीख पुढे भरतीच्या कागदावर चढली. नावांचेही तसेच. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल; पलटणीच्या दप्तरात सैनिकाने लग्नानंतर कळविलेले एक नाव, रेशनकार्डावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरेच वळण. सैनिक हयात असेतोवर हे खपून जाते. तो गेला म्हणजे त्याच्या विधवेस सिद्ध करावे लागते की, कागदावरची ती आणि समोर उभी असलेली ती एकच आहे. कौटुंबिक निवृत्तिवेतन तोवर अडून राहते. पेन्शनचा कारभार ‘स्पर्श’ नावाच्या संगणकीय व्यवस्थेकडे गेल्यापासून तर एका अक्षराचा फरकही यंत्राच्या नजरेतून सुटत नाही. ही दुरुस्ती मागायची ती रेकॉर्ड ऑफिसकडे. आणि ते मराठा पलटणीचे बेळगावला, महार पलटणीचे मध्यप्रदेशात सागरला, तर तोफखान्याचे नाशिकरोडला. खटाव-माणच्या म्हातारीने कोठे कोठे हेलपाटे घालावेत? तथापि या चुकांत निदान कोणाच्या अब्रूचा प्रश्न नसतो. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील जाहिरात, दोन साक्षीदार यांनी काम भागते. उशीर होतो, पण भागते.

खरा पेच आहे तो लाल शाईचा. सैन्यात मोठ्या शिक्षांची नोंद लाल शाईची आणि किरकोळ शिक्षांची काळ्या शाईची मानली जाते. रजा संपल्यावर चार दिवस उशिरा हजर झाला, वरिष्ठांस उलट बोलला, दारू पिऊन सापडला, अशा गुन्ह्यांनी ही लाल ओळ उमटते. अशा चार नोंदी झाल्या की, १९५४ सालच्या सेना नियमांतील तेराव्या नियमाखाली त्या जवानास नको असलेला माणूस म्हणून कमी करण्याची वाट मोकळी होते. जवानास निवृत्तिवेतन मिळण्यास पंधरा वर्षांची सेवा लागते. म्हणजे बाराव्या-तेराव्या वर्षी बाहेर काढलेला माणूस घरी परततो तो रिकाम्या हाताने, आणि हातात जे पुस्तक असते ते दाखविण्याचीच त्याला लाज वाटते. राखणदाराची नोकरी मागावयास गेला तरी प्रथम तेच पुस्तक मागितले जाते.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी वीरेंद्रकुमार दुबे यांच्या खटल्यात दिलेला निकाल प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. चार लाल नोंदी झाल्या एवढ्यानेच जवानास कमी करता येत नाही. सेना मुख्यालयाने १९८८ साली काढलेल्या आदेशाप्रमाणे आधी चौकशी झाली पाहिजे, त्याची बाजू ऐकली पाहिजे, त्याच्या सेवेची लांबी आणि त्याने खडतर ठाण्यांवर काढलेले दिवस विचारात घेतले पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले आणि निवृत्तिवेतनास पात्र होईपर्यंत हा माणूस सेवेत होता असे मानण्याचा हुकूम केला. त्याआधी २०१३ च्या जुलैत धरमवीर सिंग यांच्या खटल्यात याच न्यायालयाने आणखी एक तत्त्व घालून दिले होते. भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर कोणत्याही रोगाची नोंद नाही तो निकोप होता असेच धरून चालले पाहिजे, आणि त्याचा आजार सेवेमुळे उद्भवला नाही असे म्हणणाऱ्या सरकारने ते सिद्ध करावे. ज्या कागदाचा आधार घेऊन शिपायास दारातून परत पाठवीत, तोच कागद त्याच्या बाजूने बोलू शकतो, हे न्यायालयाने दाखवून दिले. दोन्ही निकाल उत्तम आहेत. परंतु ते मिळविण्यासाठी एका जवानास दिल्लीपर्यंत झगडावे लागले, हे विसरून चालणार नाही. ज्यांना वकील परवडला नाही त्यांच्या पुस्तकातील ओळी होत्या तशाच आहेत.

एका चुकीच्या नोंदीस किती आयुष्य लागू शकते याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. १९०६ च्या ऑगस्टात टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गावी मध्यरात्री गोळीबार झाला. एक मनुष्य ठार झाला. संशय गावाजवळच्या छावणीतील पंचविसाव्या पायदळ पलटणीवर गेला. ही पलटण काळ्या सैनिकांची होती. कोणी गुन्हा कबूल करीना, कोणी कोणाचे नाव सांगेना. तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी खटला न चालविता १६७ जणांस एका हुकुमासरशी सन्मानाविना घरी पाठविले. त्यांत वीस वीस वर्षे सेवा झालेले लोक होते. (याच वर्षी रूझवेल्ट यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, हा योगायोगही नमूद करण्याजोगा आहे.) १९१० साली चौदा जणांस पुन्हा भरती होण्याची परवानगी मिळाली. बाकीच्यांच्या कागदावरचा डाग तसाच राहिला. १९७० साली एका लेखकाने हे प्रकरण पुन्हा उकरून काढले, एका काळ्या लोकप्रतिनिधीने ते काँग्रेसपुढे नेले आणि १९७२ साली अमेरिकी लष्कराने सर्वांची नोंद बदलून ‘सन्मानाने निवृत्त’ अशी केली. तोवर सहासष्ट वर्षे उलटली होती. परत भरती न झालेल्यांपैकी डॉर्सी विलिस हे एकटेच हयात सापडले. पंचाऐंशी ओलांडलेल्या या गृहस्थाने सारी उमर मिनियापोलिस शहरी लोकांचे जोडे पुसण्यात घालविली होती. त्यांस पंचवीस हजार डॉलर देण्यात आले. इतरांच्या नावाची दुरुस्ती झाली ती त्यांच्या पश्चात.

मात्र अमेरिकेने एक चांगली गोष्ट केली आहे. १९४६ साली कायदा करून तेथे सैनिकी नोंदी दुरुस्त करणारी मंडळे स्थापिली गेली, आणि त्या मंडळांवर गणवेषातील अधिकारी नव्हे, तर मुलकी माणसे बसतात. चूक ध्यानी आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे. पण न्यायासाठी आवश्यक वाटल्यास ती मुदत माफ करण्याचा अधिकार मंडळास आहे. ही मंडळे काही निर्दोष नाहीत. त्यांच्या दिरंगाईविषयी तेथेही ओरड आहे. तरीही ज्याने नोंद केली त्याच्याहून वेगळ्या माणसाने ती तपासावी, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे.

आपल्याकडे काय आहे? २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण आले, त्याचे एक पीठ मुंबईतही आहे. माजी न्यायमूर्ती आणि माजी सेनाधिकारी एकत्र बसून निकाल देतात, ही व्यवस्था आम्हांस पसंत आहे. पण ते न्यायालय आहे. तेथे वकील लागतो, प्रतिवादी म्हणून भारत सरकार उभे राहते आणि दाद मागण्यास साधारण सहा महिन्यांची मुदत आहे. गावी परतलेल्या, खचलेल्या शिपायास आपल्या पुस्तकातील ओळ बेकायदा आहे हे सहा महिन्यांत कळावे, ही अपेक्षाच विलक्षण होय! कित्येकांना ते पंधरा-वीस वर्षांनी, एखाद्या सोबत्याचा खटला जिंकल्याचे ऐकून कळते.

आणि तेव्हा आणखी एक भिंत आडवी येते. निवृत्तिवेतन न मिळालेल्या सैनिकाची कागदपत्रे पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाल्याचा संभव अधिक, नेमका त्यांचाच पुरावा आधी जातो. मग अर्जास उत्तर येते, ‘दप्तर उपलब्ध नाही, सबब विनंती मान्य करता येत नाही.’ अमेरिकेत सेंट लुइस येथील दप्तरखान्यास १२ जुलै १९७३ रोजी आग लागून एक कोटी साठ लाखांहून अधिक सैनिकांची कागदपत्रे जळाली. आणि तेव्हापासून तेथील कर्मचारी पगारपत्रके, पलटणीच्या रोजनिशा, अन्य खात्यांतील नोंदी असे धागे जुळवून त्या माणसांची सेवा पुन्हा कागदावर उभी करीत आले आहेत. तेथे जळाले ते अपघाताने, आपण नष्ट करतो ते नियमाने. आणि पुन्हा जुळविण्याची तोशीसही घेत नाही.

शिस्तीचा मुद्दा पुढे केला जाईल हे आम्ही जाणतो. सैन्य म्हणजे काही पंचायत नव्हे. कमान अधिकाऱ्याचा हुकूम रणांगणावर विनातक्रार पाळला गेलाच पाहिजे, आणि खरोखर बेशिस्त माणसास पलटणीतून काढण्याचा त्याचा अधिकारही शाबूत राहिला पाहिजे. पण आम्ही मागतो आहोत ती माणूस सेनेबाहेर पडल्यानंतरची तपासणी. तिने कोणत्या खंदकातील शिस्त बिघडणार आहे? उलट, आपल्या नावापुढे खोटे काही लिहिले गेल्यास ते पुसले जाईल एवढा विश्वास असलेला जवान अधिक मनापासून हुकूम पाळील, असेच आम्हांस वाटते.

संरक्षण खात्याने नोंदीच्या दुरुस्तीसाठी मुलकी सभासदांचे एक मंडळ नेमावे. त्याच्यापुढे साध्या कागदावर, मराठीत लिहिलेला अर्जही चालावा. वकिलाची सक्ती नसावी. अर्ज फेटाळला तर त्याची कारणे शिपायाच्या भाषेत लेखी द्यावीत. १९८८ चा चौकशीचा आदेश डावलून ज्यांना चार लाल नोंदींवर घरी पाठविले गेले, त्यांची प्रकरणे रेकॉर्ड ऑफिसने आपण होऊन काढावीत. त्या माणसांच्या अर्जाची वाट पाहू नये, कारण त्यांतील अनेकांना असा अर्ज करता येतो हेच ठाऊक नाही. आणि हे मंडळ प्रत्यक्षात येईपर्यंत, मुदत भरली एवढ्या कारणावरून देशातील कोणत्याही रेकॉर्ड ऑफिसने एकाही शिपायाचे दप्तर नष्ट करू नये, असा हुकूम खात्याने आजच्या आज काढावा.